झाडलेलं खडप

१

रावजी शेट्ये रत्नागिरीच्या कचेरीत दप्तरखान्यात कारकून होता. तिथे टाचणी खाली पडली, तर ती सापडेपर्यंत तो दुसरं काम हाती घेत नसे. घरीही तोच थाट. जेवताना तांब्या उजवीकडे हवा तो डावीकडे दिसला की कपाळाला आठी, आणि ती आठी बघत बघत दमयंतीच्या लग्नाची अठरा वर्षं गेली होती. असा हा नाकाने कांदे सोलणारा माणूस दर रविवारी मिऱ्याच्या डोंगराखाली गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला जायचा, आणि तिथे मात्र उकिरडा करून यायचा.

त्याची जागा ठरलेली होती. समुद्रात घुसलेला एक सपाट काळा कातळ, जेवायच्या पाटासारखा, म्हणून लोक त्याला पाटाचं खडप म्हणायचे. रावजीची दोरी हिरवी, रेशमी, मुद्दाम मुंबईहून मागवलेली. वीस शेराचा मासा लागला तरी तुटत नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. ती गुंतली की सोडवत कोण बसतो? चाकूने कापायची आणि टाकायची. वाकलेले गळ तिथेच टाकायचे, शिसाच्या गोळ्या टाकायच्या, कोळंबीची सालं, सिगारेटचे पत्र्याचे डबे, सगळं तिथेच. सोड्याची बाटली रिकामी झाली की कडेवर आपटून फोडायची, कारण तो आवाज त्याला आवडायचा.

समुद्र नेईल की, असं तो म्हणायचा. समुद्र काही नेत नव्हता. खडपाचा माथा भरतीच्या पाण्याहून चांगला पुरुषभर उंच होता, आणि पावसाळा सोडला तर तिथवर लाट चढत नसे. रावजीला हे पक्कं ठाऊक होतं.

२

त्याच खडपावर उरलेले सहा दिवस लवू बसायचा. लवू म्हणजे दमयंतीचा थोरला भाऊ, तिला माहेरचं म्हणून उरलेलं एकच माणूस. उभा जन्म बोटीवर खलाशी आणि मग सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, म्हणून काढून तो घरी परतला होता. गळ कसा बांधायचा हे पूर्वी रजेवर आला असताना रावजीला त्यानेच शिकवलं होतं. तीन वेढे, मग उलटा फास, मग थुंकी लावून ओढायचं. ती गाठ भिजली की घट्ट होते, सुटत नाही. अख्ख्या रत्नागिरीत ती गाठ या दोघांनाच येत होती.

कचरा करण्यात लवूही काही कमी नव्हता. त्याची दोरी बोटीवरची, डांबर लावलेली काळी. कापून टाकायची सवयही त्याचीच. पण दोन वर्षांपूर्वी एक हिरवी दोरी लागलेला गळ त्याच्या पायात घुसला, पाय पिकला आणि करंगळी कापावी लागली. लवूचं म्हणणं एवढंच होतं की रावजीने चुकलो म्हणावं. रावजी म्हणाला, गळ काय सगळ्यांचेच असतात. त्यानंतर थोड्याच दिवसांनी लवूची चांदीची शिट्टी खडपावर हरवली. सारंगाची शिट्टी ती, कैक वर्षं गळ्यात राहिलेली. ती रावजीनेच उचलली असं लवूने बंदरावर दहा लोकांत सांगितलं. झालं. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता.

मधल्या मध्ये दमयंती भरडली गेली. दोन भाऊबीजा तिने रिकाम्या पाटासमोर निरांजन लावून काढल्या. रावजीने एका शब्दाने तिला विचारलं नाही, आणि तीही बोलली नाही.

३

सन बत्तीसच्या आश्विनात एका रविवारी रावजी खडपावर पोचला तर खडप झाडलेलं होतं.

आधी त्याला नुसतंच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग ध्यानात आलं. काचा नव्हत्या. डबे नव्हते. कातळाच्या भेगांत वर्षानुवर्षं अडकलेले दोरीचे गुंते कुणीतरी बारीक हाताने उपसून काढावेत तसे गेले होते. त्याने गुडघ्यावर बसून एका भेगेत बोट फिरवलं. आत रेतीचा कणही लागला नाही.

हे लवूचं काम, असं त्याने ठरवून टाकलं. मला लाज वाटावी म्हणून साफ केलंय. मग त्याने मुद्दाम त्या दिवशी दोन बाटल्या फोडल्या.

पुढच्या रविवारी खडप पुन्हा साफ होतं. फक्त कडेशी, जिथे तो बसायचा बरोबर तिथे, हातभर दोरी पडली होती. एक हिरवा तुकडा, त्याला जोडलेला एक काळा, त्याला पुन्हा हिरवा. जोडाला गाठी मारलेल्या होत्या. त्या लवूच्या गाठी होत्या, पण कशातरीच. कुठे तीनऐवजी सात वेढे, कुठे फास सुलटाच. एखाद्याने नुसतं बघून शिकावं आणि हाताला वळण नसावं, तशा.

रावजीच्या मनात पाल चुकचुकली. पण त्याने लगेच स्वतःची समजूत घातली. लवूची दोन बोटं बोटीवर दोरखंडाखाली चिरडली होती. आता वयाबरोबर ती आखडली असणार, दुसरं काय. त्याने ती दोरी पायाने पाण्यात ढकलली.

त्यानंतरच्या रविवारी दोरी वावभर, चांगली चार हात होती, आणि गाठी बऱ्याच सुधारल्या होत्या.

४

ओहोटीला या बाजूच्या खडपांवर बायका कालवं फोडायला यायच्या. त्यातली मैना वर्षापूर्वी रावजीशी भांडली होती, कारण काच लागून तिच्या टाचेला चीर पडली होती. तेव्हा रावजीने तिला हाकलून दिलं होतं. आता त्यानेच तिला हाक मारली आणि इथे कोण येतं, कोण साफसफाई करतं, असं विचारलं. लवूला येताना पाहिलंस का, हेही विचारलं.

मैना पलीकडच्या खडपावर उभी होती. ती जवळ आली नाही.

"लवू सारंग येतो नि गरवून जातो," ती म्हणाली. "त्यानं कवा झाडू मारलान न्हाय. आमी आता त्या खडपावर येत न्हाय कालवांना."

"का? आता तर काचा नाहीत."

"म्हनूनच," मैना म्हणाली. "झाडलोट हाय म्हंजी कोनीतरी ऱ्हातंय तितं."

एवढं बोलून ती टोपली उचलून चालू लागली. अडाणी बाई म्हणून रावजीने मान उडवली. पण त्या दिवशी गरवताना त्याने पाय कडेवरून खाली सोडले नाहीत. मांडी घालून बसला आणि दोन तासांत घरी आला. मासा लागला नाही. आमिष मात्र प्रत्येक वेळी गेलेलं होतं, आणि तेही तोडून नव्हे. गळ पाण्याबाहेर यायचा तो पुसून ठेवल्यासारखा स्वच्छ.

५

त्या वर्षी दिवाळीचा पाडवा रविवारी आला. पाडव्यालाही रावजीने खाडा केला नाही. उजाडताना तो खडपावर पोचला आणि कडेपासून चार हातांवर थांबला.

कडेवरून दोरी वर आली होती. ती हिरवी काळी, हिरवी काळी अशी पाण्यातून चढून कातळावर येऊन नीट सरळ पडली होती. टोकाला गळ होता. वाकलेला गळ कुणीतरी ठोकून सरळ केला होता. आणि गळाला लवूची चांदीची शिट्टी लावलेली होती.

ती लखलखत होती. वर्ष-दोन वर्षं खाऱ्या पाण्यात पडलेली चांदी काळी पडते. ही घासलेली होती.

रावजी तिथे बराच वेळ उभा राहिला. माणूस हुशार होता, विचार त्याला करता येत होता आणि त्याने तो केलाही. हे लवूचं काम नव्हे. लवूला शिट्टी सापडली असती तर त्याने ती आधी गळ्यात घातली असती आणि मग गावभर वाजवली असती. गळाला लावून समुद्रावर ठेवली नसती. मग हे तिसऱ्याच कुणाचं काम. शिट्टी ज्याच्यासाठी ठेवलीय तो लवूच. आणि गळाला एखादी वस्तू लावून कुणी पाण्याच्या कडेशी ठेवली, तर त्याला गावात काय म्हणतात हे वीस वर्षं गरवणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही.

उचलून लवूकडे न्यावी? म्हणजे तो म्हणणार, बघा, चोराने आणून दिली. दोरी कापून सगळं पाण्यात लोटावं? त्यासाठी जवळ जावं लागलं असतं. आपल्याला भीती वाटतेय हे त्याने कबूल केलं नाही. त्याने मनाशी म्हटलं, ज्याची वस्तू त्याने घ्यावी, मला काय करायचंय. मला दहा लोकांत चोर म्हणाला ना? मग घेऊ दे त्यालाच.

असं म्हणून तो गळ न टाकताच घरी आला.

संध्याकाळी दमयंती चकल्या तळत होती. अठरा वर्षांत तिचा चेहरा त्याने इतका उजळलेला क्वचितच पाहिला असेल. ती म्हणाली, लवूदादाचा निरोप आलाय, उद्या भाऊबीजेला येतोय, सगळं विसरून येतोय. सकाळी खडपावर जाऊन बहिणीसाठी एखादा ताजा मासा धरणार आणि परस्पर इकडे येणार.

"खडपावर?" रावजीने विचारलं.

"हो. रिकाम्या हाताने कसा येईल तो?"

रावजीने बरं म्हटलं आणि पाण्याचा तांब्या उजवीकडे सरकवला.

६

भाऊबीजेला दमयंतीने पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजनात वात घातली. दुपार टळली तरी लवू आला नाही. मग मैनाच आली. दारात उभी राहून तिने सांगितलं की खडपावर सारंगाच्या चपला आहेत आणि सारंग नाही.

सगळं बंदर धावलं. होड्या घातल्या, जाळी ओढली. खडपावर चपला होत्या, जोडीने नीट ठेवलेल्या. शेजारी मोठा तांबोशी मासा, अजून ओला. बाकी खडप झाडलेलं. लाटेने नेला, असं लोक म्हणाले. त्या दिवशी समुद्र घरातल्या पाण्याच्या पिंपाइतका शांत होता, तरी म्हणाले, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

मैनाने रावजीला बाजूला घेतलं. सकाळी तिने शिट्टी ऐकली होती. सारंग पूर्वी वाजवायचा तशी एक लांबलचक, खुशीतली. मग दुसरी सुरू झाली ती अर्ध्यावर राहिली.

"तुमाला ठाव हाय काय?" तिने विचारलं.

रावजी म्हणाला, मला कसं ठाऊक असणार.

७

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. प्रेत सापडलं नाही. भटजी म्हणाले, काही मिळालं नाही तर पुढे पुतळा करून विधी करता येईल. दमयंतीने ते ऐकून घेतलं नाही. काहीतरी मिळाल्याशिवाय माझा भाऊ गेला असं मी मानणार नाही, एवढंच ती म्हणत राहिली. भाऊबीजेचं ताट तिने विसळलं नाही. त्यातली सुपारी, अक्षता तशाच होत्या.

रावजीने गरवायचं सगळं सामान, चाकूसकट, माळ्यावर टाकलं. रात्री छपराच्या नळ्यांवरून मांजर गेलं तरी तो उठून बसायचा. दोनदा त्याच्या ओठांवर आलं होतं. एकदा तर तो म्हणालाही, "दमयंती, त्या रविवारी..." तिने मान वर केली. तिच्या डोळ्यांत इतकी आशा होती की तो म्हणाला, त्या रविवारी वारा फार होता.

दोन आठवड्यांनी, रविवारीच, तिने ताट पदराखाली घेतलं आणि म्हणाली, मी खडपावर जाऊन त्याला ओवाळून येते. समुद्राला तर समुद्राला.

रावजीने नाना कारणं सांगितली. पाय घसरेल, ऊन आहे, लोक काय म्हणतील. ती वहाणा घालत होती.

"तुम्ही येऊ नका," ती म्हणाली.

तो तिच्यामागून निघाला.

८

सूर्य मावळायला तासभर होता आणि पाणी पार ओसरलं होतं. दमयंती पुढे होती. रावजी पोचेपर्यंत तिने ताट खाली ठेवलं होतं आणि ती वाकून काहीतरी बघत होती.

दोरी कडेवरून वर आली होती. टोकाला गळ, आणि गळाला या वेळी शिट्टी नव्हती. काळ्या दोऱ्यात ओवलेला एक चांदीचा ताईत होता. लवू पहिल्यांदा बोटीवर निघाला तेव्हा दहा वर्षांच्या दमयंतीने तो त्याच्या दंडाला बांधला होता. तो त्याने कधी काढला नव्हता.

"अहो, दादाचा आहे," ती म्हणाली, आणि रावजीने तोंड उघडायच्या आत तिने तो उचलून मुठीत धरला.

काहीच झालं नाही. गळाचं टोक तिच्या तळव्यात थोडं रुतलं, रक्ताचा थेंब आला, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती ताईत छातीशी धरून दोन पावलं मागे आली. तिच्याबरोबर दोरीही आली. न अडखळता, ओली, हातामागून हात, कडेवरून वर येत राहिली.

रावजीने ते ओळखलं. ही ढील होती. माशाने आमिष तोंडात घेतलं की गडबड करायची नाही, दोरी सोडायची, आमिष आपलंच आहे असं त्याला वाटू द्यायचं. लवूनेच त्याला हे शिकवलं होतं.

त्याने कडेवरून खाली पाहिलं. ओहोटीचं पाणी काचेसारखं होतं. खडपाच्या पायथ्याशी त्याचे सिगारेटचे डबे होते, एका ओळीत, सगळ्यांची झाकणं एकाच बाजूला. त्यांच्यामागे बाटल्यांच्या काचा, लहानापासून मोठ्यापर्यंत. गळ निराळे, शिसं निराळं. त्याचा दप्तरखाना असता तर त्याने अगदी असाच लावला असता. मधोमध, स्वतंत्र जागी, शिट्टी ठेवली होती. त्या सगळ्याच्या पलीकडे खडपाच्या पोटात काळोख होता आणि दोरी त्या काळोखातून येत होती. तो बघत असताना तिथे काहीतरी, चांगलं लांबरुंद, आत सरकलं. कुणाचं तरी आपल्याकडे लक्ष आहे असं कळल्यावर माणूस दारामागे होतो, तसं.

रावजीने कमरेला हात घातला. चाकू माळ्यावर होता. दोरी कापायला एखादी काच मिळते का म्हणून त्याने खडपावर नजर फिरवली. वीस वर्षं त्याने तिथे बाटल्या फोडल्या होत्या. एक काच उरली नव्हती.

"दमयंती, टाक ते खाली."

"का?"

"आधी टाक. मग सांगतो."

"आत्ता सांगा."

दुसरी कुठलीही थाप त्या वेळी त्याला सुचली नाही. त्याने सांगितलं. पाडव्याच्या सकाळी अशीच दोरी पाहिली, तिला शिट्टी लावलेली होती. हे लवूचं काम नाही हे कळलं होतं. लवूसाठी ठेवलंय हेही कळलं होतं. तसंच ठेवून आलो. भराभर बोलून त्याने हात पुढे केला.

दमयंतीने हाताकडे पाहिलं नाही.

"संध्याकाळी मी तुम्हाला सांगितलं होतं," ती म्हणाली. "सकाळी तो खडपावर जाणार म्हणून."

"हो."

"तुम्ही बरं म्हणालात."

रावजीने हात तसाच पुढे धरला.

"माझ्या भावाचं एवढंच उरलंय," ती म्हणाली. "तुमच्या सांगण्यावरून मी हे टाकू?"

तिने मूठ आवळली. पूर्ण ताकदीने आवळली, आणि गळ आत गेलेला रावजीला दिसला. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि अठरा वर्षांत तिने त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

कातळावर पडलेली दोरी हलायला लागली. एकेक वेढा उलगडून कडेवरून खाली जाऊ लागला, सावकाश, काही घाई नसल्यासारखा. शेवटचा वेढा सुटला. दोरी कातळावरून वर उचलली गेली, तिच्यातून पाणी टपटपलं, आणि दमयंतीच्या मुठीपासून पाण्यापर्यंत ती सरळ ताठ झाली.

रावजीने धावत जाऊन दोन्ही हातांनी दोरी धरली आणि दातांनी तोडायला घेतली. गाठी लवूच्या होत्या, आता अगदी बिनचूक, आणि दोरी त्याची स्वतःची, वीस शेराला न तुटणारी.